८ सेंटीमीटर म्हणत गेलो, ४.६ वर थांबलो

माझी उंची १६० सेंटीमीटर होती. म्हणजे सकाळी उठल्या उठल्या १६०.८ आणि रात्री ऑफिसमधून आल्यावर १५९.५, दिवसभरात पाठीच्या मणक्यांमधल्या गाद्या दबतात म्हणून सगळ्यांचीच उंची संध्याकाळपर्यंत सेंटीमीटरभर उतरते, आणि हे मला इतकं नेमकं माहीत आहे कारण मी दोन वर्षं रोज मोजत होतो. नागपुरात नंदनवनच्या आमच्या घरात आतल्या खोलीच्या दाराच्या चौकटीला मी सुताराचा टेप चिकटवून ठेवला होता, डोक्यावर पुठ्ठ्याची फाईल आडवी धरायची आणि खाली वाकून आकडा वाचायचा. आईला वाटायचं पोरगा व्यायाम करून राहिला आहे.

पायाची हाडं लांब करून उंची वाढवतात हे मला कळलं तेव्हा मी २७ वर्षांचा होतो आणि त्याच रात्री माझा आकडा ठरला होता, ८. कारण १६० अधिक ८ म्हणजे १६८, म्हणजे पाच फूट सहा इंच, आणि ताईने माझा बायोडाटा केला तेव्हा तिने न विचारता पाच-चार लिहिलं होतं आणि तरी मुलीकडच्यांनी दोनदा फोनवर "मुलगा पाच-सहा तरी आहे का" असं विचारलं होतं. बस, एवढ्यावर ८. कोणत्या हाडात, किती दिवसात, त्यानंतर पाय कसा चालेल, यातलं काही डोक्यात नव्हतं. दुसऱ्या एका शहरातल्या सेंटरला फोन केला तर तिथल्या माणसाने पहिलाच प्रश्न केला, "किती पाहिजे सर, ८ करायचे का १०?" आणि मी त्याला माझं वजन, वय, काम काहीच सांगितलं नव्हतं. तेव्हा मला ते बरं वाटलं होतं, कोणीतरी मला समजून घेऊन राहिलं आहे असं वाटलं होतं. आज तो प्रश्न आठवला तर राग येतो.

नशीब की त्याआधी मी रामदासपेठेत एका डॉक्टरांना दाखवलं. ते मुख्यतः अपघाताचे, वाकड्या पायांचे, आखूड राहिलेल्या पायांचे पेशंट पाहतात. ओपीडीत माझ्या बाजूला काटोलकडचे एक काका बसले होते, संत्र्याची बाग आहे त्यांची, डाव्या पायावर ट्रॅक्टर उलटला होता. नडगीचा तुकडाच निघून गेला होता आणि आता पायाभोवती स्टीलच्या चार रिंगा, आरपार गेलेल्या तारा, वरून घोंगडीचं शिवलेलं खोळ. ते मला म्हणाले, "पाना फिरवा लागते दिवसातून चारदा. माही बायको फिरवते, मी डोये लावून घेतो." मग माझ्या पायांकडे पाहून म्हणाले, "तुमचं काय झालं भाऊ? तुमचे तं दोन्ही पाय चांगले दिसून राहिले." मी खोटं बोललो, चेकअपला आलो म्हणालो. त्यांनी मग खोळ बाजूला करून दाखवलं, तारा जिथे कातडीत शिरतात तिथे कापसाच्या छोट्या चकत्या होत्या, एकीच्या कडेला पिवळसर डाग, आणि म्हणाले थंडीत बरं राहते, उन्हाळ्यात घाम येते तं हे पिकते. पुढे माझा आकडा ठरताना हे वाक्य मला किती उपयोगी पडलं ते त्यांना कधी कळणार नाही.

डॉक्टरांनी मला नाही म्हटलं नाही आणि हो पण म्हटलं नाही. दोन्ही पायांचा उभा मोठा एक्स-रे काढायला लावला ज्यात कमरेपासून घोट्यापर्यंत सगळी हाडं एका पट्टीसोबत दिसतात. मांडीचं हाड ४२.५, नडगीचं ३४. मग कागदावर मांडलं. नडगी साधारण मांडीच्या हाडाच्या ८० टक्के असते, माझी बरोबर तशी होती. नडगीत ५ घातले तर ३९ होते, म्हणजे ९० टक्क्यांच्या थोडं वर. ८ घातले तर ४२, म्हणजे मांडी आणि नडगी जवळपास सारखी. "हे दिसायला वेगळं दिसेल, पण त्याहून मोठी गोष्ट टक्क्यांची आहे," ते म्हणाले. ३४ च्या हाडात ५ म्हणजे १५ टक्क्यांच्या जरा आत, ८ म्हणजे साडेतेवीस टक्के. हाड वाढतं, पण त्याच्यासोबतचे स्नायू, टाचेमागची जाड शीर, नसा, रक्तवाहिन्या, यांना पण तेवढंच ताणलं जावं लागतं आणि १५-२० टक्क्यांच्या पुढे भानगडी वाढत जातात. टाच वर ओढली जाते, पाऊल खाली लोंबायला लागतं, गुडघा सरळ होत नाही.

मी म्हटलं मग मांडीत करू, तिथे जास्त होतात ना. हो, तिथे ८ पर्यंत जातात, स्नायूंचं आवरण जास्त असतं, हाड पण जरा लवकर भरतं. पण त्यासाठी हाडाच्या आत बसवायचा मॅग्नेटवाला खिळा चांगला, जो बाहेरून रिमोट धरून रोज वाढवतात, आणि त्याची किंमत ऐकून मी पुढे विचारलंच नाही. माझ्या बजेटमध्ये बसत होतं ते नडगीत खिळा आणि बाहेरून रिंग, म्हणजे रिंगने लांबवायचं आणि लांबी झाली की खिळ्याला स्क्रू लावून रिंग काढून टाकायची.

त्या दिवशी त्यांनी मला इलिझारोव्हांची गोष्ट पण सांगितली. सैबेरियातल्या कुर्गानचे डॉक्टर, महायुद्धानंतर मोडकी हाडं घेऊन येणारे सैनिक आणि शेतकरी हेच त्यांचे पेशंट, आणि १९५० च्या दशकात त्यांनी ही रिंग बसवली. हाड कापून हळूहळू दूर नेलं, दिवसाला एक मिलिमीटर, ते पण चार वेळा पाव-पाव करून, तर मधल्या फटीत शरीर स्वतः नवीन हाड तयार करतं. १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये उंच उडीत सुवर्ण मिळवणारा व्हॅलेरी ब्रुमेल दुसऱ्याच वर्षी मोटरसायकलवरून पडला, पायाचा चुराडा झाला, कितीतरी ऑपरेशनं झाली, शेवटी इलिझारोव्हांनी त्याचा पाय सावरला आणि तो परत दोन मीटरच्या वर उडाला. "हे सगळं तुटलेल्यांसाठी शोधलं गेलं," डॉक्टर म्हणाले, "तुमचं हाड चांगलं आहे, ते मी कापणार आहे, म्हणून तुमच्या बाबतीत मला जास्त घाबरायला पाहिजे." हे वाक्य ऐकल्यावर मला त्यांच्यावर भरवसा बसला.

मग त्यांनी मला जमिनीवर उकिडवं बसायला सांगितलं. बूट काढून, टाचा टेकवून. मी बसलो तर टाचा जेमतेम टेकत होत्या, मागे पडायला होत होतं. त्यांनी घोट्याचा कोन मोजला आणि लिहून ठेवला. "टाच आताच घट्ट आहे, घरी कमोड आहे का?" आमच्याकडे इंडियनच होतं. जेवायला आम्ही सगळे खाली बसतो, आई-बाबा, मी, ताई आली की ती पण. गावी लग्नाच्या पंगती अजून खालीच असतात. हे सगळं त्यांनी विचारलं आणि एकेका गोष्टीपुढे टिक केली. जो कोणी आज आकडा ठरवत असेल त्याला माझं हात जोडून सांगणं आहे, टेप बाजूला ठेवा आणि आधी टाचा टेकवून पाच मिनिटं उकिडवं बसून पाहा. तुमच्या घोट्यात किती जागा आहे ते कळलं पाहिजे, उंची तिथून उधार घ्यायची आहे.

त्यांनी मला धंतोलीतल्या एका मानसोपचारतज्ज्ञ मॅडमकडे पण पाठवलं, त्याशिवाय तारीख देणार नाही म्हणाले. मला अपमान वाटला होता खरं तर. मॅडमनी एकच काम दिलं, आठवडाभर खिशात छोटी वही ठेवायची आणि उंचीचा विचार आला की वेळ आणि जागा लिहायची, बाकी काही नाही. पहिल्या दिवशी ३१ नोंदी झाल्या. खापरीकडे जाताना मेट्रोत वरचा दांडा. लिफ्टमधला आरसा. टीमचा फोटो, "तू समोर ये". पानठेल्यावर मित्राने खांद्यावर कोपर टेकवलं. घरी आल्यावर चौकटीचा टेप. आठवड्यानंतर मॅडमनी विचारलं यातल्या कोणत्या नोंदी दोन इंचात मिटतील त्या खुणा करा, आणि मग तीन इंचात मिटतील त्या. मी अर्धा तास बसलो. दांडा दोन इंचात मिटत होता. फोटो दोन इंचात बऱ्यापैकी मिटत होता. आरसा आणि टेप कोणत्याच आकड्यात मिटत नव्हते. आणि तीन इंचाच्या रकान्यात दोन इंचाहून जास्त अशी एकच नोंद सापडली, बायोडाटा. मॅडम काही बोलल्या नाहीत, वही मला परत दिली आणि पुढच्या आठवड्यात यायला सांगितलं. मी चार महिने त्यांच्याकडे गेलो. चौकटीवरचा टेप मी तिसऱ्या महिन्यात काढला, ऑपरेशनच्या आधी.

त्याच दिवसात मी अजून एक केलं. बर्डीवर एका चप्पल शिवणाऱ्या काकांकडून रबराच्या शीटचे सपाट तळवे करून घेतले, एक जोडी ५ सेंटीमीटरची, एक ८ ची, टाचेला आणि बोटांना सारखीच जाडी, आणि घरात संध्याकाळी ते घालून फिरायचो. पाचवर फ्रीजच्या वरचं सगळं दिसायला लागलं, ताईच्या नवऱ्याशी बोलताना मान वर करावी लागेना. आठवर आणखी छान वाटलं, हे पण खरं सांगतो. पण पाच आणि आठमधला आनंद हा शून्य आणि पाचमधल्या आनंदाइतका नव्हता, त्याच्या अर्ध्याने पण नव्हता, आणि आठचा धोका मात्र पाचच्या दीडपट नव्हता, कितीतरी पट होता. हे मला रबराच्या तळव्यांनी शिकवलं.

उरलेला हिशोब नागपूरच्या उन्हाने केला. दिवाळीनंतर २० नोव्हेंबरला ऑपरेशन धरलं, सात दिवस हाड तसंच ठेवायचं, मग नडगीला दिवसाला पाऊण मिलिमीटर, कारण नडगी हळू भरते. ५ सेंटीमीटरला ६७ दिवस, म्हणजे २ फेब्रुवारी. ८ ला १०७ दिवस, म्हणजे मार्चचा मध्य, आणि कुठे अडकलं, थांबावं लागलं, तर एप्रिल. एप्रिलमध्ये इथे ४२-४३ असते, कूलरची ओली हवा, घाम, आणि पायात डझनभर जखमा उघड्या. मला काटोलच्या काकांच्या पायावरचा तो पिवळा डाग दिसला. मी डॉक्टरांना फोन करून म्हटलं पाच. ते म्हणाले, "पाचपर्यंत. पाचच असं नाही, पाचपर्यंत. पाय काय म्हणतो ते पाहून." फॉर्मवर पण त्यांनी तसंच लिहिलं आणि माझी, बाबांची सही घेतली.

तंबाखू-सुपारीचा खर्रा मी दोन महिने आधी सोडला. नागपुरात राहून खर्रा सोडणं काय असते ते इथल्यांनाच कळेल, ऑफिसच्या खाली पन्नीत घोटून हातात मिळतो. पण तंबाखूने हाडाकडचं रक्त कमी होतं आणि भरायला उशीर लागतो, डॉक्टरांनी साफ सांगितलं होतं खर्रा चालू असेल तर मी हाड कापणार नाही.

ऑपरेशनबद्दल फार सांगण्यासारखं नाही, पहिले चार दिवस आठवतच नाहीत, फक्त पोटात रक्त पातळ ठेवायचं इंजेक्शन आणि दोन्ही पायांच्या रिंगा एकमेकींवर आपटल्याचा आवाज. घरी आल्यावर आईने माझ्या चार पायजम्यांच्या बाहेरच्या शिवणी उसवून वेल्क्रो लावलं होतं. कमोडची खुर्ची आणली.

आणि पाना बाबांनी हातात घेतला. बाबा रिटायर्ड लाइनमन आहेत. माझ्या निर्णयावर ते महिनाभर माझ्याशी बोलले नव्हते, पण दहा नंबरचा पाना पाहून म्हणाले दाखव. रॉडच्या टोकाला चौकोनी डोकं असते, चार बाजूंना एक ते चार ठिपके, एक बाजू फिरवली की पाव मिलिमीटर. सकाळी ७, दुपारी २, रात्री ९. बाबांनी जुन्या लॉगबुकासारखं रजिस्टर आखलं, तारीख, वेळ, डावा, उजवा, ठिपका, शेरा, आणि शेवटच्या रकान्यात सही. रोज सही. पाना लावायच्या आधी चष्मा पुसायचे आणि "फिरवू?" असं प्रत्येक वेळी विचारायचे, मी हो म्हटल्याशिवाय फिरवत नव्हते. फिरवताना दुखत नाही, दुखतं ते रात्री, दोन-तीनच्या सुमारास, पिंडरी कोणी पिळून वाळत घातल्यासारखी.

३८ मिलिमीटरपर्यंत सगळं नीट चाललं. एक्स-रेमध्ये फटीत पिंजलेल्या कापसासारखं नवीन हाड दिसत होतं. मग १७ जानेवारीला फिजिओथेरपिस्ट ताईंनी उजवं पाऊल वर ढकललं तर ते काटकोनापर्यंत येईना, १० अंश अलीकडेच अडकलं, आणि अंगठा वर उचल म्हटलं तर डावा जितका उचलला जायचा तितका उजवा उचलला जाईना, पावलाच्या वरच्या बाजूला मुंग्या. त्यांनी माझ्यासमोरच डॉक्टरांना फोन लावला. चार दिवस पाना बंद. मग दिवसाला अर्धाच मिलिमीटर. रोज चार वेळा स्ट्रेचिंग, ओरडायचो मी, आई स्वयंपाकघरातून बाहेर यायची आणि परत आत जायची.

६ फेब्रुवारीला ४६ झाले आणि मुंग्या परत आल्या. डॉक्टरांनी दोन रस्ते सांगितले. टाचेमागची शीर छोट्या ऑपरेशनने सैल करायची आणि आणखी हळू जाऊन ५० पूर्ण करायचे, नाही तर इथेच थांबायचं. म्हणाले दोन्ही बरोबर आहे, उद्या सांगा.

त्या रात्री मी चार मिलिमीटरवर भांडलो, स्वतःशी आणि सगळ्यांशी. इतकं सोसलं, साडेआठ लाख गेले, आणि गोल आकडा पण नाही? आई तुरीची डाळ निवडत होती. बाबांनी ताटातला एक दाणा उचलला, रजिस्टरच्या पट्टीवर ठेवला आणि माझ्यापुढे सरकवला. बरोबर चार, साडेचार. मग म्हणाले, "दोन पोलच्या मधात तार ओढतो न आपण, तं पूर्ण ताणून कधीच नाही बांधत. झोल ठेवाच लागते. उन्हाळ्यात ओढली अन् झोल नाही ठेवला, तं थंडीत आकसते अन् तुटते." एवढं बोलून त्यांनी ९ वाजताच्या रकान्यात काहीच लिहिलं नाही, सही पण केली नाही, पेन माझ्याकडे दिला. मी शेऱ्यात लिहिलं, "बंद. ४६."

आठवडाभराने रिंगा काढल्या, खिळ्याला स्क्रू लावले. अंगठ्याची ताकद परत यायला अडीच महिने लागले. काठीशिवाय मी मेच्या शेवटी चाललो, घरातल्या घरात, बाहेर ४५ होतं. खिळे अजून आत आहेत, पुढच्या वर्षी काढायचे. उंची १६४.५, डॉक्टरांकडे मोजली, घरी टेप नाही. बायोडाट्यात ताईने आता तोच आकडा टाकला आहे, मी तिला इंचात करू दिलं नाही.

आता ऑगस्ट आहे. जेवायला मी खाली बसतो, मांडी घालून, उठताना हात टेकावा लागतो. उकिडवं बसताना टाचा वर राहतात म्हणून फिजिओ ताईंनी टाचेखाली वह्या ठेवून बसायला लावलं आहे, दोनशे पानी, सुरुवातीला सहा होत्या. बाबा रोज संध्याकाळी समोर बसून मोजतात आणि त्याच रजिस्टरमध्ये लिहितात. काल दोन वह्यांवर तीन मिनिटं बसलो, उजवी टाच शेवटी शेवटी थरथरत होती. उद्या एक काढून पाहायचं ठरलं आहे.